वरच्यानं बोलत राहायचं

मी अचलपूरचा. अचलपूर अन् परतवाडा एकमेकायले असे चिकटून हायेत का बाहेरच्या माणसाले कुठी एक संपलं अन् कुठी दुसरं लागलं हे समजत नाही. नाव माहं शेख गफूर, पण नुसतं गफूर म्हणून विचारसान तं कोणी सांगणार नाही, इहीरवाला गफ्फूर म्हणा, मंग बच्चा बच्चा घर दाखवते. अब्बाही हेच काम करत, त्यायचे अब्बाही. कोणाची बालटी इहिरीत पडली, कोणाची बकरी पडली, इंजिनाचा पाइप अडकला, उन्हाळ्यात गाळ काढायचा हाये, बोलवा गफ्फूरले. अब्बानं मले पयल्यांदा पाण्यात कवा टाकलं ते आठवत नाही, पाठीले सुका भोपळा बांधून टाकलं होतं असं अम्मी सांगे. चालाले उशिरा शिकला, पोहाले आदी शिकला, असं म्हणे अन् हसे.

काय सांगू तुमाले भाऊ, तवाच्या इहिरी म्हणजे इहिरी होत्या. वर मे महिन्याचं आपल्या वऱ्हाडातलं ऊन, पाय ठेवला तं फोड येईल असं, अन् दोर धरून खाली गेलं का अंगावर काटा. कपारीत पारवे, दगडाले शेवाळ, पाण्याले एक वास राहे, गोड म्हणा का काय म्हणा, तो वास आता कुठी येतच नाही. मी काम झाल्यावरही उगाच दोन डुबक्या मारून घेत होतो. वरून नामदेव शिव्या देत राहे का निघ ना लेका, माहे हात भरून आले.

नामदेव म्हणजे माहा वरचा माणूस. त्याचं नाव आलं का गोष्ट लांबते, पण आता लांबू द्या. माळ्याचा हाये, गावाच्या कडेले वावर, मेथी, वांगे, दसऱ्या-दिवाळीले झेंडू अन् शेवंती. त्याच्याच वावरातल्या इहिरीत गाळ काढाले गेलो होतो, माहा दोर धरणारा साळा त्या दिवशी आला नाही, तं नामदेव म्हणे मी धरतो. मी म्हणलं, धर, पण आमच्यात एक कायदा हाये. वरच्यानं बोलत राहायचं. खालच्याचं डोकं काठावर दिसेपर्यंत तोंड बंद करायचं नाही, पान खायचं नाही, बिडी ओढायची नाही. वरचा गुपचूप झाला म्हणजे वर काहीतरी बिघडलं असं खालच्यानं समजायचं अन् कपारीले हात घालायचा. हा कायदा अब्बाचा. साळा माहा दोन शबुद बोले अन् थकून जाये. नामदेवले तं कोणी असं सांगाचीच वाट होती. तो जो सुरू झाला, का आज मेथी काय भाव गेली, कोणाच्या लग्नात कोणत्या भाजीत मीठ जास्त पडलं, बायको सकाळपासून काहून फुगली, संध्याकाळपर्यंत थांबला नाही. ज्याले पोहता येत नाही, जो आयुष्यात कधी घोट्याच्या वर पाण्यात गेला नाही, तो माणूस माह्या संगं जिंदगीभर इहिरीच्या काठावर उभा राहिला.

एक डाव आमाले तेल्हाऱ्याकडं बोलवलं होतं, एका कास्तकाराचा पंप पडला होता. मी खाली, नामदेव वर, अन् त्यानं कोण्या सोयऱ्याच्या लग्नातलं भांडण सांगाले घेतलं. घरचे सारे गोळा झाले, बाया दळण टाकून आल्या. मी पंप बांधून, थरथर कापत वर आलो तं माह्याकडं कोणी पाहेच ना. घरची बुढी नामदेवले म्हणे, थांबू नको बाप्पा, त्या नवरदेवाच्या मामाचं पुढं काय झालं ते सांग. मी तसाच ओला बसलो अन् मामाचं सारं ऐकूनच उठलो.

माह्या पोरीच्या निकाहले सेहरा नामदेवच्या वावरातल्या फुलायचा होता. ईदले शिरखुर्मा त्याच्या घरी जाये अन् दिवाळीचे अनारसे वैनीच्या हातचे माह्या घरी येत. हे मी काही मोठं म्हणून सांगून राहिलो नाही, असंच होतं. मंग बोअर आले. लोकायनं इहिरीवर जाळ्या टाकल्या, काहीत कचरा टाकला, काही बुजवूनच टाकल्या. मी परतवाड्याले सायकलीच्या दुकानात बसाले लागलो, नामदेव आपल्या वावरात. दोर घरात खुटीले टांगला.

तिथीच, त्या सायकलीच्या दुकानात, एक दिवस अमरावतीचा भूषण सर आला. हवा भराले थांबला होता. तो लोकायले घेऊन चिखलदऱ्याच्या घाटात जाते, पाऊस सरल्यावर, जवा धबधब्याचा जोर कमी होते अन् पाणी नितळ होते. नुसतं पाहाले नाही बरं. नाल्यात वरून शिरायचं अन् पाण्याच्या संगंसंगं खाली यायचं, कड्यावरून दोरानं उतरायचं, खाली डोह आला का पोहून पार करायचा, पुढं पुन्हा कडा, पुन्हा दोर. त्याले इंग्रजीत कायतरी नाव हाये, मी त्याले नाल्याची वरात म्हणतो. दुकानदारानं सांगितलं का हा इहीरवाला हाये. सर म्हणे, चाचा, येता का. मी म्हणलं, पाणी हाये ना तिथी, मंग येतो.

पयल्या दिवशी सरनं मले वर उभं केलं, दोरापाशी. पट्टे, लोखंडी कड्या, टोप, सारं समजावून सांगितलं. एक बँकेतली बाई उतरून राहिली होती. तिच्या हातातला मोजा सरकला, तं तिनं तो नीट कराले दोराले एक झटका देला. आमच्या कामात एक झटका म्हणजे वर ओढ. म्या ओढलं. बाई अर्ध्यावरून वर येऊन राहिली, आरडून राहिली का मले खाली जायचं हाये, अन् मी आपला म्हणून राहिलो, घाबरू नका ताई, आणलंच तुमाले. सर तं खालीच बसला हसून हसून. त्या दिवसापासून माही जागा ठरली, खालच्या डोहात. वरून जो येईन त्याले पाण्यात झेलायचं, कडी सोडायची, काठाले लावायचं. काय डाक्टर, काय मास्तर, काय कालेजातल्या पोरी, सारे थरथरत येतात अन् पाण्यात पडल्यावर लेकरासारखे हसतात. अन् भाऊ, त्या डोहात मी पयल्यांदा डुबकी मारली ना, तं तोच वास. मी बाहेर निघून दगडावर बसलो अन् मले रडू आलं. सरले वाटलं चाचाले थंडी वाजली.

हे सारं मी घरी जायच्या आदी नामदेवले सांगे. पण तवा त्याले लकवा मारून गेला होता. डावा हात गेला, पाय ओढत चाले, अन् तोंड वाकडं झालं. शबुद निघत, पण गोळा होऊन निघत. घरचे प्रेमानंच विचारत का बाबा काय म्हणता, पुन्हा सांगा. पुन्हा सांगूनही समजलं नाही का तो मान फिरवून घे. असं होता होता त्यानं बोलणंच सोडलं. ज्याच्यापाशी बाया दळण सोडून बसत, तो खाटेवर भिताडाकडं तोंड करून पडून राहे. मी जाऊन बसे, पण मी तं खालचा माणूस, मले बोलता कुठी येते. डोहाचे दोन शबुद सांगून झाले का माहंही सरे. मले लय वाईट वाटे. मले वाटे का हा असाच गुपचूप मरून जाईन.

एक दिवस मी त्याले डोहाचं सांगून राहिलो होतो, आजचं पाणी कसं होतं, कोण कसं उतरलं. त्यानं माह्याकडं तोंड केलं. कायतरी बोलला. मले समजलं नाही. मी म्हणलं, पुन्हा सांग. मले वाटलं आता मान फिरवते. पण फिरवली नाही, हळू हळू, एक एक शबुद सोडवत म्हणे, मले एक डाव खाली उतरव.

त्याची पोरगी मंदा, माहेरीच राहते, बापाचं सारं तेच करते. ते माह्यावर तापली. म्हणे, चाचा, तुमी दोघं येडे झाले काय, बाबाले पोहता येत नाही, एक हात चालत नाही. तिचं काही चूक नव्हतं. सरही आदी नाहीच म्हणे. मी रोज सांगत राहिलो. मंग सरनं डाक्टरले विचारलं, डाक्टरनं तपासलं, म्हणे लहान कडा असन अन् माणसं धड असतीन तं न्या. मंदाले सर म्हणे, तुमी संगं या, तुमाले ठीक वाटलं नाही तं तिथूनच वापस. थंडीतला दिवस, दुपारचं ऊन, पाण्याची धार निरा पातळ. दोन पुरुसाचा, दोन माणसाएवढा कडा, आमच्या इहिरीपेक्षा लहान. खाली डोहात सरची बायको, पट्टीची पोहणारी, काठावर मंदा, हात जोडून. नामदेवले दोन दोर, अंगात जाकीट, डोक्यावर लाल टोप. सर म्हणे, चाचा, तुमी खाली जा. नामदेवनं मान हलवली, नाही म्हणून, अन् माह्याकडं बोट केलं. मंग वरच्या दोरावर मी राहिलो, दुसरा दोर सरपाशी.

नामदेव काठाखाली गेला. त्याचा धड हात सवयीनं दोर सोडून राहिला होता, हात-हात, जसा काही तोच वरचा हाये अन् खाली मी हावो. मंग तो वळणाआड गेला, मले दिसेना, नुसतं वजन हातात. अन् मले एकदम आठवलं का आता बोलायचं हाये. काय बोलू. जिंदगीत मी कधी बोललो नाही, मी खालचा. म्या सुरू केलं, मेथीचा भाव सांगितला, तोही खोटाच, मले कुठी माहीत. सायकलीच्या दुकानातलं सांगितलं. नातवाच्या शाळेतलं सांगितलं. सरलं तं पुन्हा मेथी. अब्बा गेले त्या दिवसाचं सांगितलं, जे मी माह्या बायकोले, फातेमालेही कधी सांगितलं नव्हतं. डोळ्यातून पाणी, सर माह्याकडं पाहून राहिला अन् मी बोलून राहिलो. खालून पोचल्याची शिटी वाजली, तरी मी बोलून राहिलो, काहून का त्याचं डोकं कुठी दिसलं होतं मले.

मी उतरून खाली आलो. नामदेव दगडावर बसला होता, मंदानं त्याले चादर गुंडाळली होती. ओठ निळे, अन् हसून राहिला होता, वाकडा. मी बाजूले बसलो. तो म्हणे,

एक शबुद समजला नाही रे, गफ्फूर. पण भेव नाही लागलं.

मी म्हणलं, मले तरी कुठी समजत होतं लेका, एवढ्या वर्षांत.

त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, एक बी नाही? मी म्हणलं, एक बी नाही, त्या घुमणाऱ्या इहिरीत काय समजते, नुसता तू हाये एवढं समजे. तं तो असा हसला भाऊ, असा हसला, का मंदा रडाले लागली.

आता मी रोज दुपारी जातो त्याच्याकडं. अल्लाची मेहरबानी, तब्येत जशी होती तशीच हाये, हात काही आला नाही, अन् आता येणारही नाही. पण तो बोलते. खाटेवर उठून बसते अन् सुरू होते, ते गोळा झालेले शबुद, अर्धे गिळलेले. मंदा कामातून विचारते, चाचा, बाबा काय म्हणून राहिले. मी म्हणतो, मले काय माहीत बाप्पा. बोलून राहिला ना.