त्याच पट्टीत

व्हर्ना : तर कंपनीनं पाठवलेली नमुन्याची रेकॉर्ड मी पुन्हा पहिल्यापासून लावली. आवाजही मोठा केला. डीकन समोर गालिच्यावर पडलेला. आणि ऐक होबार्ट, डीकन झोपला. माझा नवा आल्बम वाजतोय आणि माझाच कुत्रा घोरतोय.

होबार्ट : तेरा वर्षांचा झाला बिचारा. या वयात पोटात काही पडलं की डोळा लागतोच. माझाही लागतो. तू वर ओसरीवर ये, ओलेटानं चहात बर्फ घालून ठेवलाय.

व्हर्ना : मला चहा नको, उत्तर हवंय. पिल्लू असल्यापासून 'दार लोटून ठेव'ची जुनी रेकॉर्ड लावली, की त्या वरच्या सुराला हा मान वर करून रडायचा. बाकीचं गाणं मुकाट ऐकायचा, त्या एका सुराला गळा काढायचा. काल त्यानं कानसुद्धा हलवला नाही. का? छत्तीस वर्षं माझ्यामागे बसून स्टील गिटार वाजवलीस तू. आणि आत्ता तुझं तोंड कोंबडी चोरल्यासारखं झालंय.

होबार्ट : ऊन येतंय डोळ्यावर.

ओलेटा : ऊन तुझ्या पाठीमागे आहे. व्हर्ना, माझ्या नवऱ्याला झापायचं तर बसून झाप. आणि हे टोपलं घे मांडीवर. एवढ्या शेंगा मोडायच्या राहिल्यात, तोंड चालवता चालवता हातही चालव.

व्हर्ना : दे इकडे. आणि याला पण दे थोड्या.

ओलेटा : त्याला नको. तो सांडतो.

होबार्ट : यंदा टोमॅटो छान आलेत, व्हर्ना. जाताना घेऊन जा.

व्हर्ना : पट्टी किती उतरवलीस?

होबार्ट : कसली?

व्हर्ना : होबार्ट प्रूइट.

होबार्ट : दोन सूर.

व्हर्ना : दोन. पूर्ण दोन?

होबार्ट : पूर्ण.

व्हर्ना : सगळ्या गाण्यांची?

होबार्ट : दहांची. नाताळचं गाणं तसंच ठेवलं, ते मुळातच खाली होतं.

व्हर्ना : मी गाण्याचा कागद पाहिला होता रे! रोज पाहत होते. एक, चार, पाच, एक. जन्म गेला माझा त्या आकड्यांवर गाण्यात.

होबार्ट : आकडे बरोबरच होते. पट्टी वर न्या नाहीतर खाली, कागदावर आकडे तेच राहतात. म्हणून तर नॅशव्हिलचे सगळे वादक कॉर्डच्या नावांऐवजी आकड्यांवर वाजवतात.

व्हर्ना : मला शिकवू नकोस. वरच्या कोपऱ्यात पट्टी लिहिलेली असते. ती तूच लिहितोस. आणि तिथं...

होबार्ट : तिथं कॉफीचा डाग होता.

व्हर्ना : दहाही कागदांवर?

होबार्ट : मी जरा वेंधळा आहे.

ओलेटा : माझ्या ओट्यावर बसून पाडले त्यानं ते. चमच्यानं. एकेक डाग पाडायचा आणि वाळत घालायचा. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणाला, कामाचं आहे. मला वाटलं, निवृत्त माणसाचं डोकं आहे, फिरायचंच.

व्हर्ना : आणि ती बाकीची पोरं? त्यांनीही चकार शब्द काढला नाही?

होबार्ट : त्यांना मी बाहेर गाडीपाशी सांगितलं होतं. तू काचेच्या खोलीत, कानांवर ते भोंगे लावून. तुझी गिटारही तुझ्या हातात नव्हती. जमून गेलं.

व्हर्ना : जमून गेलं म्हणतो! अरे, मला वाटलं आवाज परत आला. दुसऱ्या दिवशी तो सूर कसा लागला माझा, आठवतंय? काही ताण नाही, काही नाही. दारावर टकटक केली आणि दार उघडलं, इतकं सोपं. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडले, होबार्ट. त्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं मला दोन ओळींचं पत्र पाठवून काढलं, तेव्हाही रडले नव्हते. अकरा वर्षं चर्चच्या बायकांच्या मागच्या रांगेत ओठ हलवत उभी राहिले, तेव्हाही नाही. वाटलं, देवानं माझी वस्तू जपून ठेवली होती आणि आता परत दिली.

होबार्ट : व्हर्ना...

व्हर्ना : आणि मग मी गप्प बसायचं की नाही? नाही बसले. डॉक्टरला सांगितलं, सिगारेट सोडली म्हणून झालं. चर्चमधल्या बायकांना सांगितलं, लिंबू-मध घ्या. अर्ध्या गावानं मध आणला माझ्या नादी लागून. माझ्या पहिल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, आणि त्या माणसाशी मी एकोणीस वर्षं बोलले नव्हते.

ओलेटा : तो काय म्हणाला?

व्हर्ना : कोण बोलतंय, म्हणाला. आणि वर रेडिओवर सांगितलं. पन्नास वर्षांनीसुद्धा त्याच पट्टीत गाते, म्हटलं. ते त्या टोबायसनं ऐकलं.

ओलेटा : टोबायस म्हणजे तो दाढीवाला?

होबार्ट : नव्या कंपनीचा मालक. टिन डिपर रेकॉर्ड्स. जुन्या मोज्यांच्या गिरणीत ऑफिस आहे त्यांचं. पोरगा चांगला आहे.

व्हर्ना : डोक्यावर गुराख्याची टोपी घालतो आणि गाय पाहिलीय दुधाच्या खोक्यावर. पण हो, चांगला आहे. सगळ्यांनी मला अडगळीत टाकलं होतं, तो शोधत आला. त्यानं रेडिओवर ते ऐकलं आणि म्हणाला, मिस व्हर्ना, आल्बमचं नाव मिळालं. हे बघ. हे कव्हर. वाच.

होबार्ट : चष्मा आत आहे.

ओलेटा : 'त्याच पट्टीत'. अगंबाई. केवढं मोठं अक्षर.

व्हर्ना : सोमवारी सकाळी छापायला जातंय ते. आणि पुढच्या शनिवारी मला गावच्या जत्रेत स्टेजवर ते गायचंय, या अक्षरांखाली उभं राहून. समोर जुनी माणसं असतील, घरोघरी गिटार असलेली. पहिल्या ओळीला त्यांना कळेल. मला कुत्र्यानं सांगितलं, त्यांना कुत्र्याचीसुद्धा गरज नाही. सोमवारी आठ वाजता मी टोबायसला फोन करणार आणि म्हणणार, छापू नका. काहीच छापू नका. खोट्या गोष्टीवर माझं नाव नको.

होबार्ट : असं करू नकोस.

व्हर्ना : का नको? डीकन खोटं बोलत नाही.

ओलेटा : डीकन बहिरा आहे, व्हर्ना.

व्हर्ना : काय?

ओलेटा : ठार बहिरा. तुमचं रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा पंधरा दिवस माझ्याकडे होता ना तो. त्याच्या मागे उभी राहून मी मांसाच्या डब्याचं झाकण उघडलं, तरी वळला नाही. मी म्हटलं, तुला माहीत असेल.

व्हर्ना : मी हाक मारली की येतो तो!

ओलेटा : तू हाक मारताना पाय आपटतेस. त्याला फळ्या हललेल्या कळतात. माझ्या हातून तवा पडला तर उठतो, दाराशी ट्रक आला तर उठतो. टाळ्या वाजव, बोंब मार, ढिम्म. बघ आत्ता. डीकन! ए डीकन, सशाला बघ! बघितलंस? पायरीवर पडलाय तसाच.

व्हर्ना : म्हणजे काल त्यानं काही ऐकलंच नाही.

ओलेटा : वर्षभर काही ऐकलेलं नाही त्यानं.

होबार्ट : म्हणजे मी उगाचच कबूल केलं.

व्हर्ना : तू गप्प बस.

होबार्ट : नाही, म्हणजे बघ ना. मी नुसतं म्हटलं असतं, कुत्रा बहिरा आहे, तर विषय तिथंच मिटला असता.

ओलेटा : तुला कुठं माहीत होतं? तुझ्यासमोरच झाकण उघडलं मी. तू म्हणालास, ओलेटा, जेवण झालं का.

व्हर्ना : हसू नकोस, ओलेटा. माझा जीव जातोय आणि ही हसतेय. होबार्ट, मला फक्त एवढं सांग, तू हे का केलंस? मी मागितलं होतं? एकदा तरी म्हटलं, पट्टी उतरव?

होबार्ट : तू लाइलला म्हणालीस ना.

व्हर्ना : लाइलला?

होबार्ट : ड्रमवाल्या लाइलला. पहिल्याच दिवशी, जेवायच्या सुट्टीत. त्याला बाजूला घेऊन म्हणालीस, लय जरा धीमी ठेव बाबा, मला दम पुरत नाही. त्यानं मला येऊन सांगितलं. व्हर्ना स्टिडम आपल्या तोंडानं म्हणते, दम पुरत नाही. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या दौऱ्यात तुला न्यूमोनिया झाला होता, तेव्हाही म्हणाली नव्हतीस. म्हटलं, दम नाही तर वरचा सूर कुठून लागणार? तोंडघशी पडेल ही त्या पोरांसमोर. म्हणून रात्री बसून डाग पाडले.



ओलेटा : काय गं? शेंगा मोडायची थांबलीस.

व्हर्ना : काही नाही.

ओलेटा : सांगून टाक त्याला. नाहीतर मी सांगते. मला त्याच दिवशी फोन केला होतास तू.

होबार्ट : काय सांगायचंय?

व्हर्ना : मला दम पुरत होता, होबार्ट.

होबार्ट : मग?

व्हर्ना : त्या दिवशी सकाळी 'दार लोटून ठेव'मधला तुझा तुकडा आला. दोन कडव्यांमधला, वेगानं पळणारा. तुझ्या अंगठ्यातली तारा छेडायची नखी निसटून पडली. तू वाकून उचललीस, म्हणालास, सैल झालीय. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा तू ती उचललीच नाहीस, नुसत्या बोटानं वाजवलंस, आणि बोटं कुठंच्या कुठं गेली. आणि तो काचेपलीकडचा पोरगा त्याच्या जोडीदाराला काहीतरी म्हणाला. मला दिसलं. उद्या ते तुझ्या जागी कुणा तरण्या पोराला बसवतील, असं वाटलं मला.

होबार्ट : म्हणून तू...

व्हर्ना : म्हणून लाइलला म्हटलं, लय धीमी ठेव. आता तुझ्या हातांमुळे म्हणून थोडीच सांगणार? माझं नाव पुढे केलं. बाईमाणूस, त्र्याहत्तर वर्षं, दम पुरत नाही. लगेच पटलं त्याला.

होबार्ट : मला वाटलं व्हिनेगरनं झालं.

व्हर्ना : कसल्या व्हिनेगरनं?

ओलेटा : सफरचंदाच्या. रोज सकाळी वाटीत बोटं बुडवून बसायचा. दुसऱ्या दिवशी तो तुकडा नीट वाजला, तर घरी येऊन नाचला हा माणूस. न्हाव्याला सांगितलं, बोटं वीस वर्षांनी तरुण झाली. आता न्हाव्याच्या दुकानात सगळे म्हातारे बोटं बुडवून बसलेत.

व्हर्ना : तिकडे मध, इकडे व्हिनेगर.

ओलेटा : वाणी खूश आहे.

होबार्ट : मी खरंच मानत होतो गं. वाटलं, अजून दोन वर्षं तरी निघतील हातांतून.

व्हर्ना : चिडलास?

होबार्ट : चिडायला तोंड कुठं ठेवलंयस तू मला?

व्हर्ना : टोबायस काय म्हणाला होता, माहितीये? रेकॉर्डिंग संपल्यावर त्यानं टोपी काढली. म्हणाला, मिस व्हर्ना, ही गाणी इतकी खोल आणि इतकी संथ गायची हिंमत दुसऱ्या कुणाला झाली नसती. हा तुमचा किती वर्षांचा विचार असेल!

होबार्ट : तू काय म्हणालीस?

व्हर्ना : मी म्हटलं, बरीच वर्षं. मला कुठं ठाऊक तो खोल कशाला म्हणतोय? वाटलं, पोरांची बोलण्याची पद्धत असेल.

ओलेटा : मी ऐकलीय ती रेकॉर्ड. होबार्टनं आणलेली. भांडी घासताना लावली होती. पाणी बंद करून ऐकली मी.

व्हर्ना : खरं सांगतेस?

ओलेटा : मी तुला बरं वाटावं म्हणून कधी काही बोललेय? तुझी जुनी रेकॉर्ड ऐकली की वाटायचं, ही बाई नवऱ्याला दम देतेय, दार लोटून ठेव म्हणून. ही ऐकली तर वाटलं, तो येणार नाही हे हिला माहीत आहे, तरी दार लोटून ठेवलंय. माझा साबण वाळला हातावर.

व्हर्ना : होबार्ट, खरं बोल आता. जुन्या पट्टीत तो सूर लागला असता माझा?

होबार्ट : पहिल्या दिवशी सकाळी नव्हता लागला. तू म्हणालीस, घसा गरम व्हायचाय.

व्हर्ना : लागला असता का?

होबार्ट : नाही, व्हर्ना.

व्हर्ना : बरं.

होबार्ट : आणि माझी बोटं ख्रिसमसपर्यंत चालली तरी पुष्कळ. डॉक्टर तसंच म्हणतो. तू सोमवारी फोन केलास, तर माझंही शेवटचं वाजवणं त्या गिरणीतल्या कपाटात जाईल. तुझ्या नावावर तीसेक रेकॉर्डी आहेत. माझं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरात पहिल्यांदाच आलंय. चष्मा नाही हे खोटं होतं. मी वाचलंय ते. चार वेळा.

व्हर्ना : फोन तर मी करणारच.

ओलेटा : व्हर्ना.

व्हर्ना : अगं, ऐक ना. नाव बदल म्हणून करणार. ते मोठं अक्षर काढून टाक, तिथं 'दार लोटून ठेव' घाल. होबार्ट, तुझं नाव राहील तिथंच, घाबरू नकोस. आणि रेडिओवर मीच जाऊन सांगीन, पट्टी दोन सूर उतरलीय. विचारलंच कुणी, तर म्हणेन, वय उतरवता येत नाही, तेवढं पट्टीचं जमलं. चर्चच्या बायका हसतील महिनाभर. हसू देत.

ओलेटा : आणि पहिला नवरा?

व्हर्ना : त्याला मी कोण तेही ठाऊक नाही.

होबार्ट : मग शनिवारी जत्रेत...?

व्हर्ना : तुझ्या लयीत, माझ्या पट्टीत. यावेळी दोघांना माहीत असताना. मला एकदाही तसं गायला मिळालेलं नाही. वाद्य आत आहे का?

होबार्ट : इथंच आहे, दाराआड. ओलेटा, ती वायर लाव जरा. स्पीकर फळ्यांवरच ठेव, राहू दे.

ओलेटा : शेंगा माझ्यावरच पडणार, माहीत होतं मला.

व्हर्ना : नखी नीट बसव. आणि कोपऱ्यात काय लिहिलंयस ते या वेळी मला मोठ्यानं सांग.

होबार्ट : दोन सूर खाली.

व्हर्ना : दोन सूर खाली. चल.

(स्टील गिटार सुरू होते, ओसरीच्या फळ्या थरथरतात, मागून व्हर्नाचा आवाज. दोन कडवी होतात. मग तो सूर.)

ओलेटा : व्हर्ना, थांबू नकोस. डीकननं मान वर केलीय.