जेनोवातली पायरी

सुट्टी कशी झाली विचारू नका यार, अजून पाय दुखतायत. इथे अमेरिकेत, प्लेनोत आपण दूध आणायलाही गाडी काढतो, आणि इटलीत जेनोवाच्या बंदरात मी आईला घेऊन सकाळपासून चालत होते. दोन चर्च झाली, राजवाडा झाला, जुना धक्का झाला. दीपगृह तेवढं राहिलं होतं आणि ते बंद व्हायला तासभरच होता. चढाच्या एका अरुंद गल्लीत आई कुणाच्या तरी दारातल्या पायरीवर मटकन बसली.

"आई, ऊठ ना. लोकांचं घर आहे ते!"

तेवढ्यात दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. मला वाटलं, आता ओरडणार. तिनं आईच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं, आतून पाणी आणून दिलं आणि स्वतःही कण्हत शेजारी बसली. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. तिनं आईच्या गुडघ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. आईनं होकारार्थी मान हलवली.

मी फोनवर वेळ पाहिली. "चल ना आई, दीपगृह बंद होईल."

"तू बघून ये," आई म्हणाली. "गुडघा सकाळपासून दुखतोय गं. विचारलं ते हिनंच."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि खालच्या पायरीवर बसले.