लाल पॉइंट

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी आमचे दादा इस्पितळात श्वासाच्या मशीनवर होते. मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. आत वायरमन आणि सिस्टर बोलत होते.

"सिस्टर, मशीन पांढऱ्या पॉइंटला का? जनरेटरवरचा लाल पॉइंट दिलाय ना?"

"त्यावर माशांची टाकी आहे."

"मासे अ‍ॅडमिट आहेत का?"

"मोठ्या डॉक्टरांचे आहेत, भाऊ. रोग्यांना प्रसन्न वाटावं म्हणून ठेवलेत. लाइट गेली तर मरतील म्हणाले."

"आणि रोगी?"

"त्यांना प्रसन्न वाटतंय की!"

"टाकीची पिन काढा मग."

"तुम्हीच काढा. माझी नोकरी नवी आहे."

"माझी काय जुनी झालीय होय?"

"मग एक्स्टेंशन बोर्ड द्या."

"रोग्याजवळ चालत नाही. नियम आहे."

"अगोबाई! नियमही आहेत होय तुमच्याकडे?"

"कडक आहेत. दुसरा लाल पॉइंट काढून देतो, पण भिंत फोडायला मोठ्या डॉक्टरांची परवानगी लागेल."

"ते सोमवारी येणार."

"मग लाइटला सांगा, सोमवारपर्यंत जाऊ नकोस म्हणावं."

दोघंही हसले.

शनिवारी दुपारी लाइट गेली, आणि आमचे दादा वारले.