हनुवटीवरचा वण

हनुवटीवरचा हा वण दिसून राहिला ना? हा माझ्या लग्नाचा दाखला हाय.

उदगीरला मुलगी बघायला जायचं होतं. मला लई हौस, म्हटलं, आज आजोबांच्या जुन्या एकधारी रेझरनंच दाढी करायची. त्याचं जाड पातं आता गावात मिळत न्हाई. मग साधं, दोन्हीकडं धार असलेलं पातळ पातं मधून मोडलं अन् अर्धं बसवलं. ते हललं, हनुवटी कापली. वर कागदाचा तुकडा चिकटवून तसाच गेलो.

मुलीच्या वडिलांनी निरखून बघितलं. "अर्धं पातं घातलं व्हतं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी आपली हनुवटी पुढं केली. तिथंबी असाच वण!

चहा ठेवता ठेवता मुलगी पहिल्यांदाच बोलली, "हळदीच्या दिवशी तरी न्हाव्याकडून दाढी करून घ्या."