घाबरायला एक बाई हवी

नाही, पण मीच का? अख्ख्या गल्लीत दुसरं कुणी दिसलं नाही त्यांना? मी घाबरट आहे हो, लपवलंय का कधी? चुलीवर कुकर चढवला की शिट्टीच्या वेळी मी बाहेर जाऊन उभी राहते, शिट्टी झाली की आत, दुसरी व्हायला आली की परत बाहेर… शेजारची शिवणकामवाली तर माझ्या येरझाऱ्या मोजून स्वतःचा कुकर उतरवते! फुगा दिसला की मी रस्ता बदलते. आणि अशा बाईच्या हातात काडेपेटी देऊन म्हणायचं, हं, पेटवा गॅस! तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला?

तुम्हाला सांगते, सगळं त्या कंपनीमुळे झालं. भाजीबाजाराच्या मागे त्यांनी एक टाकी बसवली, ही एवढी फुगलेली. बाजारातली सडकी भाजी तिच्यात टाकायची, ती आत कुजणार, तिचा गॅस होणार आणि तो नळीतून आमच्या घरात येणार. घरात! कुजका कोबी फुसफुसत माझ्या खोलीत शिरणार आणि मी त्याला काडी लावणार! वर त्या कंपनीच्या मॅडम काय म्हणतात, "तुम्ही नुसतं गिऱ्हाईक नाही हं, तुम्ही भागीदार आहात. ती टाकी तुमचीसुद्धा आहे." म्हणजे उद्या ती फुटली, तर माझीसुद्धा फुटणार!

गल्लीत बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, पहिली शेगडी कुणाकडे पेटवू या? जो तो शेजारच्याकडे बघतोय. शेवटी शिवणकामवाली उठली, "माझ्याकडे पेटवा, मला कसली भीती?" तर मॅडम म्हणतात, "नको, तुम्ही पेटवलीत तर कुणालाच धीर येणार नाही. या गल्लीत सगळ्यांत घाबरट कोण?" आणि काय सांगू… जी गल्ली नळाच्या रांगेवरून कधी एका मताची झाली नाही, तिनं एका क्षणात माझ्याकडे बोट दाखवलं! माझ्या सासूबाईंनी तर दोन्ही हातांनी!

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण तेवढ्यात सासूबाईंना खोकला आला. आमची एक खोली, त्यात ती चूल, लाकडाचा धूर, आणि त्यांची जागा चुलीपाशीच, कारण स्वयंपाक माझा असला तरी जाळ त्यांचा. डॉक्टर म्हणाले होते, धूर बंद करा, नाहीतर पुढचं मला विचारू नका. खोकून खोकून त्या मधेच थांबतात ना, श्वास आत ओढायला… आणि तो लवकर येत नाही… त्या गप्प क्षणाला मी जेवढी घाबरते ना, तेवढी जगात कशालाच नाही घाबरत. आणि मॅडम म्हणत होत्या, इथे नको असेल तर नळी पुढच्या गल्लीत जाईल. झालं! म्हटलं, पेटवते.

तो दिवस आला. अख्खी गल्ली दारात, म्हणजे दारापासून चांगली लांब. आमचे हे वेल्डर आहेत, दिवसभर ठिणग्यांत बसतात. म्हटलं, माझ्या बाजूला उभे राहतील. राहिले की! तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवून, कपाटाच्या आड! अहो, तो मला द्यायचा होता ना! मी थरथरत काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, मोडली. तिसरी लावली, डोळे मिटले, कॉक फिरवला… फुस्स… आणि काहीच नाही. धूर नाही, लाल जाळ नाही. मी ओरडले, "पेटला नाही!" मॅडम म्हणतात, "पेटलाय, निळा आहे, दारातून ऊन येतंय ना, त्यात दिसत नाही." आता न दिसणाऱ्या जाळाला माणसानं घाबरायचं तरी कुठून?

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "अगं सरक, जाळ धरला नाहीये अजून." असं म्हणून जागेवर बसल्या, फुंकणी उचलली, जन्मभराची सवय, आणि घातली त्या निळ्या जाळावर एक फुंकर. विझला ना तो! आणि गॅस आपला फुसफुसतोच आहे, कुजक्या भाजीचा वास खोलीभर! मॅडम बाहेरून किंचाळल्या, "बंद करा, कॉक बंद करा!" आणि गल्ली पळाली! सगळ्यांत पुढे कोण? मुखवटा!

मी पण पळणारच होते हो. मी घाबरट आहे, लपवलंय का कधी? उंबऱ्यापर्यंत पोचलेसुद्धा. पण मागे वळून बघते तर सासूबाई तिथेच बसलेल्या. त्यांना पळायला दम कुठला? परत गेले. रडत रडत गेले. कॉक फिरवला, खिडकी उघडली, दार सताड केलं, आणि त्यांच्याजवळ शेगडीपाशीच बसले. वास गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "पुन्हा पेटवा." पेटवला. चहा ठेवला. सासूबाई वर बघतात, खाली बघतात, "धूर कुठंय गं?" आणि आम्ही दोघी खोकल्याची वाट बघत बसलो. चहा उकळला. खोकला आला नाही.

बस्स! गल्लीत एकच बोलणं, "हिनं पेटवला? मग कुणीही पेटवेल!" घराघरात नळी गेली. आणि मॅडमनी मला नोकरीवर घेतलं. काम काय? गल्लोगल्ली जायचं आणि बायकांसमोर घाबरत घाबरत शेगडी पेटवायची! घाबरायचा पगार मिळतो मला! तसा घरात पगार कधी आलाच नव्हता माझ्या नावाचा. छान चाललं होतं हो…

पण परवा घात झाला. नव्या गल्लीत गेले, गप्पा मारता मारता एका हातानं पेटवला. हात हलला नाही! बायका म्हणाल्या, "ही तर सराईत आहे, हिला काय होतंय," आणि एकीनंही नळी घेतली नाही. मॅडमचा फोन, अगदी हळुवार, "ताई, तुमची भीती कमी झालीय असं कळलं. जरा लक्ष द्या." म्हणजे बघा, आता भीती गेली तर नोकरी जाणार, या भीतीनं माझी झोप उडालीय, आणि ती भीती शेगडीपाशी उपयोगाची नाही!

शेवटी सासूबाईंनीच मनावर घेतलं. कागदी पिशवी घेतात, तोंडाला लावतात आणि फुगवतात. आधी अर्धीच फुगायची, दम पुरत नव्हता. आता? एका श्वासात टम्म! मग मागून हळूच यायचं आणि माझ्या कानापाशी फाट्टकन…

थांबा. कागद चुरचुरला ना आत्ता? मागे आल्यात ना त्या? नाही, सांगू नका, नजरेनंही सांगू नका… पोटापाण्याचा प्रश्न आहे, मला नीट दचकू द्या.