वयनीने काढलेला पास

आता हसा खुशाल, पण युक्ती माझीच होती. बाबल आणि दाजी, माझे दोन दोस्त, रोज चारला पडवीत येऊन बसत ते दिवेलागणीपर्यंत. तोवर बायकोचे तीनदा चहा करून व्हायचे. शेवटी मी देवबागच्या वाटेवरच्या नव्या उद्यानाचे वर्षभराचे दोन पास काढून त्यांना भेट दिले.

दुसऱ्या दिवशी चारला दोघे पुन्हा हजर.

"पास खंय?" मी विचारलं.

"खिशात आसत. तुका न्हेवक इलव," म्हणत बाबलने माझ्या नावाचा तिसरा पास पुढे केला.

"ह्यो कोणी काढल्यान?"

"वयनीन."

वळून बघतो तर माझ्या चपला पायरीवर सरळ करून ठेवलेल्या.