ओपलच्या सिनेमाचा शेवट

(अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका गावचं चर्च. रविवारच्या शाळेच्या खोलीत वर्ना कॉम्प्युटरवर चर्चनं काढलेल्या सिनेमाची काटछाट करतेय.)

वर्ना : पाळकसाहेब, नऊ मिनिटं! नुसतं तुमचं प्रवचन. लोक बाकावरच घोरतील.

पाळक : घोरू देत. शेवटी देवाला शरण येऊन वेदीपाशी पुढे आले म्हणजे झालं. सिनेमा कशासाठी काढला मग? तुझ्या कौतुकासाठी?

वर्ना : अहो, बायकांनी महिनाभर चाळीस माणसांना जेवू घातलं. आगबंबवाल्यांनी गाडी फुकट दिली. दवाखान्याच्या प्रसंगात रडणारी एकही बाई नटी नव्हती, सगळ्या खऱ्याच रडल्या. असं सोनं कुठल्या स्टुडिओला मिळतं? आणि त्यावर आपण काय ओतायचं, तर मरणाला टेकलेली ओपल प्रार्थनेनं ताडकन उठून बसते!

पाळक : बाई, लोकांना आशा लागते.

वर्ना : खरी ओपल गेली, पाळकसाहेब. आणि सिनेमातल्या बापाचं काम तिच्याच बापाला दिलंय आपण. हा बघा, आलाच. हॉलिस, तूच सांग बाबा यांना.

हॉलिस : मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, मला सिनेमातलं काय कळतंय? पण हीच प्रार्थना मी केली होती, गुडघे सुजेस्तोवर. माझी पोर उठली नाही. सिनेमातली उठली, तर लोक म्हणणार, हॉलिसचाच विश्वास कमी पडला. घरी बायको, डार्लीन, चार वर्षं हेच म्हणतेय. तेव्हापासून तिनं चर्चची पायरी चढली नाही.

पाळक : हे मला कधी बोलला नाहीस.

हॉलिस : तुम्ही बोलायचं थांबलात कधी?

पाळक : वर्ना, काप. ओपलचं उठणं काप. माझी नऊची नऊ मिनिटंही.

वर्ना : मग शेवट?

पाळक : ओपल दवाखान्यात असताना हा घरी तिच्या रिकाम्या पलंगाशी बसून देवाशी भांडतो ना? तिथंच संपव.

*

वर्ना : काल सिनेमा संपून दिवे लागले आणि कुणी जागचं हलेना. म्हटलं, बुडालो!

पाळक : मी सवयीनं वेदीपाशी, डोळे मिटून, हात पसरून उभा. माझ्याकडे एक पाऊल येईना. डोळे उघडून बघतो तर अख्खं चर्च मागच्या बाकाशी, हॉलिसच्या गळ्यात पडलेलं! अठ्ठावीस वर्षांत असा रविवार पाहिला नाही गं!

वर्ना : जिंकलो, पाळकसाहेब!

पाळक : जिंकलो बाई! हॉलिस, तू काय म्हणतोस रे?

हॉलिस : डार्लीन दाराशी उभी होती. शेवटपर्यंत.

वर्ना : अगं बाई! काही म्हणाली?

हॉलिस : म्हणाली, पुढच्या रविवारी शेजारची जागा धरून ठेव.